एलिमेंटरीचं संकल्पचित्र: तत्त्वं आधी शिकवायची की मुलांना आधी काढू द्यायचं?

निळी शाई
माझी मुलगी यंदा आठवीत आहे, एलिमेंटरीला बसणार आहे. ज्यांचा या परीक्षेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राज्याच्या कला संचालनालयाची ही रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. पुढची पायरी इंटरमिजिएट. संकल्पचित्रात एक आकार देतात, चौकोन म्हणा, वर्तुळ म्हणा. त्यात नैसर्गिक, आलंकारिक, भौमितिक आकार घेऊन रचना करायची आणि रंगवायची.

काल तिची ड्रॉइंगची वही चाळली. सलग नऊ पानांवर तेच कमळ आणि तोच पोपट. चौकोनात पोपट ऐसपैस बसलाय, वर्तुळात मान मुरडून, त्रिकोणात जागा नाही म्हणून शेपटीच कापलीय. ट्रेसिंग पेपरवर अर्धी रचना तयार आहे, कागद उलटा करून पेन्सिलीने घासला की दुसरी बाजू उमटते. विचारलं तर म्हणाली, "क्लासच्या बाई म्हणाल्या, एवढं पाठ असलं की कुठलाही आकार येऊ दे, बसवता येतं." वहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरात रचनेची तत्त्वं: तोल, लय, पुनरावृत्ती, विरोध, वर्चस्व (नजर आधी जाते तो भाग). व्याख्यांसकट. मी म्हटलं, तुझ्या पोपटात लय कुठे आहे दाखव. ती नुसती बघत राहिली.

हीच मुलगी पाचवीत असताना पाऊस म्हणजे कागदभर छत्र्या काढायची, गच्चीवरून खाली पाहताना दिसतात तशा. लहानमोठ्या, एकमेकींवर चढलेल्या, आणि कोपऱ्यात एक भिजणारं डोकं. लय होती, तोल होता, वर्चस्वही होतं. तिला फक्त ते शब्द माहीत नव्हते. शब्द आले आणि छत्र्या गेल्या. माझं मत स्पष्ट आहे: शाळेत आठवीपर्यंत ही तत्त्वं शिकवूच नयेत.

डोंगरवाट
मी 19 वर्षं कलाशिक्षक आहे, तालुक्याच्या गावी. तुमची तळमळ पोचली, निष्कर्ष पटला नाही.

माझ्या वर्गात 62 मुलं. तास 35 मिनिटांचा, त्यात हजेरी आणि पाण्याची धावपळ. "मनातलं काढा" म्हटलं की पन्नास वह्यांत एकच चित्र येतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्या गावात नारळ नाही! हे मुलांच्या मनातलं नाही, हे कुणाचं तरी पाहून हाताला लागलेलं वळण आहे. मोकळं सोडलेलं मूल आधी तेच उचलतं.

मी एवढंच सांगतो: डोंगर सारख्या उंचीचे नकोत, आणि सगळ्यात मोठा बरोबर मध्ये नको. झालं, मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात, कारण आता त्यांना खरा डोंगर तपासायचा असतो. तत्त्वाने त्यांची नजर बाहेर नेली. ते काढून घेतलं तर माझ्या मुलांकडे ते नारळाचं झाडच उरेल.

वहीतलं पान
दुखणं गुणांचं आहे, त्यावर कुणी बोलत नाही. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव 7 गुण, ब ला 5, क ला 3. आमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर हे आकडे लिहिले होते, रंगचक्र नंतर आलं. मला अ श्रेणी मिळाली. त्यानंतर आजपर्यंत ब्रश हातात धरलेला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लहानपणी मला चित्र काढायला फार आवडायचं.

डोंगरवाट
@वहीतलं पान, वाईट मलाही वाटतं. पण ते 7 गुण नसते तर माझा तास कधीच गणिताच्या जादा तासात गेला असता. पालकसभेत चित्रकलेबद्दल मला एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो त्या गुणांचाच असतो. तो तास टिकला म्हणून मुलांच्या हातात आठवड्यातून थोडा वेळ तरी रंग येतो.

येवल्याचा काठ
मी कापडाच्या डिझाइनमध्ये काम करते, म्हणून नियमांची बाजू घेते. आजी दारात पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी घालायची. मधली ओळ 15 ठिपक्यांची, दोन्हीकडे एकेक कमी करत 8 वर यायचं. ठिपके काटेकोर, एकही चुकलेला चालायचा नाही. पण त्याच ठिपक्यांतून एक दिवस कमळ निघायचं, एक दिवस कासव. पैठणीचंही तेच. असावलीची वेल असो की बांगडी मोर, विणकराला ताण्याबाण्याच्या घरांतच वळण काढावं लागतं, खरी गोल रेघ मागावर नसतेच. ती बंधनं शिकल्याशिवाय हात मोकळा होत नाही. "आठवीपर्यंत शिकवूच नका" म्हणजे मुलीला ठिपके न देता रांगोळी घाल म्हणणं झालं.

निळी शाई
रांगोळीचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. आजीने तुम्हाला आधी "पुनरावृत्ती म्हणजे काय" सांगितलं होतं का? तुम्ही शेजारी बसून ठिपके मोजलेत, चुकलात, पुसलेत. माझा आक्षेप त्या क्रमाला आहे.

वारलीचं बघा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं अंग, यापेक्षा घट्ट नियम कुठला? वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तोच नियम घेतला. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या, त्यातले आकार त्यांनी कागदावर आणि कापडावर आणले, आणि मासेमारीचं जाळं असं पसरलं की बघणाऱ्याला आधी जाळ्याचा विस्तारच दिसतो. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे नियम जगण्यातून आला होता, शेतातून, पाण्यातून. आणि शाळेत वारली म्हणजे काय? तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचाची पट्टी, मडक्याभोवती फिरवलेली. सगळ्या मडक्यांवर तीच.

तांबडी माती
इथे गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाची आठवण व्हायला हवी. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये तिथे कलाशिक्षक म्हणून आले आणि नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवण्याच्या पद्धतीच्या शाळेतल्या, मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलं. कला तिथे सूतकताई, शेती, स्वयंपाक यांच्या सोबतीनं चालायची. हात आधी मातीत, चर्चा मागाहून. आपल्याच मातीत हे झालेलं आहे, तरी आपण अजून व्याख्यांपासून सुरुवात करतो. मी निळी शाई यांच्या बाजूने.

डोंगरवाट
क्रमाबद्दल म्हणत असाल तर आपण फार लांब नाही. मागच्या महिन्यात सातवीला काय केलं ते सांगतो. रंग नाही, ब्रश नाही. प्रत्येकाला एक पांढरा कागद आणि काळ्या घोटीव कागदाचे लहानमोठे सहा चौकोन. म्हटलं, यातून संध्याकाळची एसटी दाखवा. मुलांनी सगळे चौकोन एका बाजूला कोंबले, काहींनी कागदाच्या कडेबाहेर लटकवले. मग म्हटलं, आता दुपारचं अंगण. वर्ग एकदम शांत झाला, चौकोन लांब लांब गेले.

एका मुलीने पाच मोठे चौकोन डावीकडे ओळीत लावले आणि सगळ्यात लहान चौकोन उजवीकडच्या कोपऱ्यात, अगदी कडेला. हे कसलं अंगण, विचारलं. म्हणाली, "अंगण नाही सर. हा वर्गाबाहेर उभा केलेला." पूर्ण वर्गाची नजर त्या लहान चौकोनावर गेली. तेव्हा मी फळ्यावर लिहिलं: वर्चस्व. खाली लिहिलं: मोठं असतं त्याचंच असतं असं नाही. ही ओळ त्या वर्गातलं एकही मूल विसरणार नाही.

पण तो शब्द मी लिहिलाच. तुम्ही म्हणता तसं आठवीपर्यंत थांबलो असतो, तर तिने काय केलं हे तिचं तिलाही कळलं नसतं.

निळी शाई
हे वाचून मी "शिकवूच नयेत" हा शब्द मागे घेते. असा तास माझ्या मुलीला मिळाला असता तर हा धागाच निघाला नसता. एक प्रश्न राहतो आणि तो तुम्हालाच विचारते. हीच मुलगी पुढे एलिमेंटरीला बसेल. तेव्हा तिचे चौकोन चालतील?

डोंगरवाट
प्रामाणिकपणे सांगतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने मीही ट्रेसिंग पेपर वापरू देतो. अर्धी रचना उलटी करून घासली की सफाई येते, वेळ वाचतो, आणि तपासणाऱ्यापुढे पेपरांचा गठ्ठा असतो हे मला माहीत आहे. एवढंच बंधन घातलंय की अर्धी रचना प्रत्येकाची स्वतःची हवी, माझ्या फळ्यावरची नको. गेल्या वर्षी त्यातून मोराऐवजी एकाने शेळी काढली, कान खाली लोंबणारी. दोन्ही बाजूंच्या शेळ्यांची शिंगं मध्ये भिडली आणि तिथेच कमळाची जागा भरली. त्याला ब श्रेणी मिळाली.

येवल्याचा काठ
ती शेळी जपून ठेवलीय का? फोटो असेल तर टाका, प्लीज.