व्हर्टआयओवर नेलेली विंडोज १० सुरू होत नाही

प्रश्न: क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील विंडोज १० ची डिस्क जुन्या आयडीई जोडणीऐवजी व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान जोडणीवर) जोडल्यापासून निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ (बूटची डिस्क वाचता येत नाही) एवढेच येते. व्हिओस्टॉर हा व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर आधीच घातला होता. मग चूक कुठे झाली असावी?

उत्तर १: ड्रायव्हरची फाईल असणे पुरेसे नाही, ते हार्डवेअर विंडोजला एकदाही दिसले नसेल, तर बूटच्या वेळी ड्रायव्हर लोड होत नाही. मूळ डिस्क पुन्हा आयडीईवर ठेवा, १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती ओळखली गेल्याची खात्री करा आणि पूर्ण शटडाउन केल्यावरच मूळ डिस्क हलवा.

उत्तर २: डिस्कचा कंट्रोलर व्हर्टआयओ-स्कझी (व्हर्टआयओचाच दुसरा प्रकार) असेल तर व्हिओस्टॉर नव्हे, व्हिओस्कझी हा ड्रायव्हर लागतो. नावांच्या या साधर्म्याने मीही एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

प्रश्नकर्ता: कंट्रोलर स्कझीच निघाला. व्हिओस्कझी घालून, रिकामी डिस्क त्याच कंट्रोलरवर जोडल्यावर काम झाले.