लेमांग (बांबूत शिजवलेला मलेशियन भात) सांगलीत करून बघायचंय, मदत करा

कृष्णाकाठ (सांगली)
आमचा धाकटा साडेपाच वर्षांचा. 'उपिन आणि इपिन' या मलेशियन कार्टूनचं त्याला वेड लागलंय. मलय भाषेतलं एक अक्षर कळत नाही, तरी जेवताना मान डोलवत 'बेतुल, बेतुल, बेतुल' चालू. बेतुल म्हणजे बरोबर, इपिन ते तीनदा म्हणतो. आधी मी कुरकुरले, मग शेजारी बसून बघायला लागले आणि मलाच आवडलं. आईबापाविना जुळी पोरं, आजी आणि ताईपाशी खेड्यात वाढतात. मलय, चिनी, तमिळ, शीख सगळ्यांची लेकरं एकत्र खेळतात. २००७ साली रमजानचे रोजे मुलांना समजावेत म्हणून हे सुरू केलं होतं.

आजीला ती दोघं 'ओपा' म्हणतात. आता जतहून सासूबाई आल्या की त्याही ओपा! त्यासुद्धा 'काय रं बाळा' म्हणून ओ देतात.

ईदला तिकडे बांबूच्या नळीत भात शिजवतात, लेमांग, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. परवा पाइपच्या तुकड्यात तांदूळ भरून गॅसपाशी उभा! पोटात धस्स झालं. म्हणून ठरवलं, मे महिन्याच्या सुट्टीत जतच्या अंगणात खराखुराच करू. बांबू कसला घ्यायचा, तांदूळ कुठला, वेळ किती लागतो?

पेवातली हळद (हरिपूर)
ताई, मी सहा वर्षं मलेशियात जोहोरला नोकरीला होतो. बांबू हिरवाच हवा, वाळका जळून जातो. बुरूडाकडून एका बाजूला पेर बंद असलेली नळी कापून घ्या. आत केळीचं कोवळं पान विस्तवावर जरा शेकून, गुंडाळून सरकवा, नाहीतर भात नळीला चिकटतो. तांदूळ भिजवून पाऊण नळी भरा, वरून नारळाचं दूध आणि मीठ. नळी आगीत घालू नका. निखाऱ्याच्या कडेला तिरकी टेकवा आणि फिरवत राहा, तीन-चार तास. तिकडचा चिकट तांदूळ, पुलुत, वेगळाच असतो. इंद्रायणीनं तसा चिवटपणा येत नाही, पण मुलाला चालेल.

एक मनातलं सांगतो. लेमांगबरोबर रेंदांग खातात, नारळाच्या दुधात आणि मसाल्यात आटवलेलं मांस. त्यात हळदीचं पान बारीक चिरून घालतात आणि वासानं घर भरतं. आपल्याकडे काढणीच्या वेळी तोच पाला कापून बांधावर टाकतात. मला ते बघवत नाही. पण मे महिन्यात हिरवं पान मिळायचं नाही, तेव्हा तर लागण असते. दिवाळीत करा, माझ्याच रानातली पानं घेऊन जा.

माणदेशी (दहिवडी)
लेमांग जरूर करा. पण जतची आजी आहे म्हणता, मग त्याच चुलीवर हुलग्याची शेंगोळी होऊ द्या. ओपाचा पदार्थ पोरानं कार्टूनमध्ये बघितला, स्वतःच्या आजीचाही बघू दे की.

कृष्णाकाठ (सांगली)
तुमचं ऐकून दिवाळीपर्यंत थांबलो. परवा केलं. एक नळी तडकली, दुसरीतला भात खालून कच्चा राहिला, तिसरी जमली. सुरीनं बांबू उभा चिरला, आतून केळीच्या पानातली पांढरी वळकटी निघाली. पोरगं श्वास रोखून बघत होतं. रेंदांगमध्ये पानं घातली, वास अजून ओढणीला आहे.

आणि हो, शेंगोळीही झाली. सासूबाईंनी हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचा ठेचा मळला, तळव्याला तेल लावून एकेक वळी लांबवली, वाकवून टोकं जुळवली आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडली. त्यानं पण चार वळल्या, सगळ्या जाड. जेवायला बसल्यावर त्या चारच त्यानं आजीच्या ताटात वाढायला लावल्या. घास घेऊन त्या म्हणाल्या, 'बेतुल.' एकदाच म्हणाल्या, म्हणून त्यानं उरलेले दोन म्हणायला लावले.