फीचर ब्रँच बंद करा, सगळं थेट मेनवर आणा

अर्धविराम
तीन-तीन आठवडे वेगळ्या ब्रँचवर (मुख्य कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) कोड साठवायचा आणि रिलीजच्या आदल्या रात्री मर्जचं (दोन प्रती एकत्र करण्याचं) भांडण घेऊन बसायचं, हे मोठ्या टीमना परवडत नाही. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ साली छापलेले आकडे बघा. जानेवारी २०१५ मध्ये एकाच रिपोत (कोडच्या साठ्यात) सुमारे २०० कोटी ओळींचा कोड होता. कामाच्या एका दिवसात माणसांचे १६,००० आणि यंत्रांचे २४,००० बदल मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मुख्य प्रतीवर, जात होते. ब्रँच काढायची ती मुख्यतः रिलीजसाठी.

हे जमतं, कारण बदल छोटे असतात. त्यांच्या कोड रिव्ह्यूवरचा (सहकाऱ्याने बदल तपासण्यावरचा) २०१८ चा अभ्यास सांगतो की निम्मे बदल २४ किंवा त्याहून कमी ओळींत संपतात आणि तीन चतुर्थांशांहून जास्त बदलांना एकच रिव्ह्यूअर असतो.

"आमचं काम तुकड्यांत होत नाही" ही तक्रार मला पटत नाही. टेबलातल्या कॉलमचं नाव बदलायचंय? पाच मर्ज करा. नवा कॉलम रिकामा ठेवून जोडा. मग कोड दोन्हीकडे लिहू द्या. जुन्या ओळी हजार-हजारच्या गटाने भरून घ्या. वाचन फ्लॅगमागून (कोडमधल्या चालू-बंद स्विचमागून) नव्या कॉलमवर वळवा. जुना कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढा. एकाच मर्जमध्ये नाव बदललं, तर डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) अर्धवट असताना निम्मे सर्व्हर जुनं नाव शोधत बसतात आणि एररचा पाऊस पडतो.

टोचणी
असहमत. आकडे उसने आणलेत, त्यामागची यंत्रणा मात्र तिथेच राहिली. गूगलकडे कोणत्या बदलाने कोणत्या टेस्टवर परिणाम होतो हे बिल्ड सिस्टिमला (कोड जोडून तपासणाऱ्या यंत्रणेला) कळतं आणि तेवढ्याच टेस्ट चालतात. बहुतेक ठिकाणी प्रत्येक मर्जआधी टेस्टचा सगळा संच चालवावा लागतो. तो ४० मिनिटांचा धरा. एकामागून एक मर्ज केले, तर ८ तासांत १२ होतात. ४० जणांनी दिवसाला दोन-दोन छोटे मर्ज टाकले की रांगेत ८०. उरलेले ६८ कुठे ठेवायचे?

रांगेत आठ-आठचे गट करा म्हणाल, तर गट पडल्यावर दोषी शोधायला निम्मे-निम्मे करत आणखी तीन फेऱ्या लागतात. म्हणजे दोन तास.

त्यात लहरी टेस्ट. १,००० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच विनाकारण पडते असं समजा. तरी पूर्ण संच निदान एका टेस्टपायी लाल (नापास) होण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के येते. तुमच्या कोडात काहीही चूक नसताना! गूगलनेच २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये हा लहरीपणा थोडाफार आहे.

अर्धविराम
लहरी टेस्टवर उपाय आहे. पडलेली तेवढीच टेस्ट पुन्हा चालवा. वारंवार पडणारी वेगळी काढा आणि तिच्यापुढे मालकाचं नाव व तारीख टाका. मालक नसेल तर वेगळी काढलेली टेस्ट तिथेच कुजते. एक मान्य करतो: आपोआप पुन्हा चालवण्यात खऱ्या रेस कंडिशनही (कामांचा क्रम मागेपुढे झाल्याने होणाऱ्या चुका) झाकल्या जातात, म्हणून पहिल्या अपयशाची नोंद पुसायची नाही.

खटपट्या
फ्लॅगबद्दल कुणीच बोलत नाहीये. "फ्लॅगमागे ठेवा" म्हणायला सोपं. १० स्वतंत्र फ्लॅग म्हणजे १,०२४ जुळण्या, त्यातल्या किती तपासता?

१ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर-व्यवहार कंपनी. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर पोहोचला. त्यासाठी वापरलेला फ्लॅग जुनाच होता आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं निकामी पडलेला कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा. त्यातला सगळ्यात बोलका भाग पुढचा आहे. गोंधळ आवरायला त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला, तर तिथेही जुनाच कोड चालू झाला. फ्लॅग चालूच होता ना! तेव्हा रोलबॅक करण्याआधी (जुन्या कोडवर परतण्याआधी) फ्लॅगची स्थिती बघा, आणि फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका, कधीच.

फ्लॅग काढण्याचं तिकीट तो जोडतानाच उघडायला हवं. तारीख उलटली की बिल्ड पडेल अशी सोय करा, नाहीतर ते तिकीट कुणी हातात घेत नाही.

ओसरी
मला यंत्रणेपेक्षा माणसांची अडचण मोठी वाटते. ४०० ओळींचं काम १२ तुकड्यांत आलं की प्रत्येक तुकडा ठीक दिसतो आणि मूळ आराखडाच चुकलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे पहिल्या तुकड्याआधी दोन पानांचा आराखडा वाचून मान्य व्हायला हवा. आणखी एक: तुकडे एकमेकांवर अवलंबून असतील आणि रिव्ह्यूअर दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल, तर सहा तुकडे म्हणजे सहा दिवस. गूगलमध्ये त्याच २०१८ च्या अभ्यासानुसार निम्मे रिव्ह्यू चार तासांच्या आत पूर्ण होत, म्हणून तिथे साखळी चालते.

रिव्ह्यूला दिलेला वेळ अप्रेझलमध्ये कुठे दिसतो? दिसत नसेल तर लोक न वाचता "ठीक आहे" टाकणार. उलट मर्जची संख्या मोजली, तर एका व्हेरिएबलचं नाव बदलण्याचे पाच मर्ज होतील.

अवांतर: कॉलमच्या उदाहरणात एक खड्डा राहिला. दोन्हीकडे लिहिणारा कोड *सगळ्या* सर्व्हरवर पोहोचण्याआधी जुन्या ओळी भरायला घेतल्या, तर मधल्या काळात जुन्या कोडने लिहिलेल्या ओळी नव्या कॉलममध्ये रिकाम्या किंवा शिळ्या राहतात. पोस्टग्रेस या डेटाबेसवर असाल तर पहिल्या पायरीआधी लॉक टाइमआउट (टेबलाच्या कुलपासाठी थांबण्याची मुदत) लावा. कॉलम जोडायला क्षणभर लागतो, पण एखाद्या लांब क्वेरीमागे तो लॉकसाठी थांबला की त्याच्यामागे त्या टेबलावरचं सगळं वाचनही तुंबतं.

टोचणी
ओसरी यांच्याशी सहमत. आधी टेस्ट ४० मिनिटांवरून १० वर आणा, लहरी टेस्ट निस्तरा, मग मेनवर या. तोवर दोन दिवसांची ब्रँच काही वाईट नाही.

अर्धविराम
दोन दिवसांच्या ब्रँचला माझी हरकत कधीच नव्हती. भांडण तीन आठवड्यांच्या ब्रँचशी आहे.

टोचणी
मग धाग्याचं शीर्षक बदला.