दवणा, ढोरदवणा, नागदवणा : नावे जवळची, झाडे कितपत?

प्रश्न
रुपेरी पानांच्या एका शोभेच्या झाडाला बरेच जण ‘दवणा’ म्हणतात. पान चुरगळून पाहिले तर वास जवळजवळ नाहीच. मग दवणा हा शब्द नेमका कोणत्या झाडाचा? आणि ढोरदवणा, नागदवणा हे त्याचेच प्रकार का?

प्रतिसाद
बिनवासाच्या झाडाला दवणा म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत. ज्याची ओळखच वासाने होते त्याचे नाव निव्वळ रंग पाहून दुसऱ्याला देणे बरे नाही.

तुम्ही म्हणता ते बहुधा डस्टी मिलर असावे. ते मूळचे भूमध्य समुद्राकाठचे. तेही दवण्याप्रमाणे सूर्यफुलाच्याच कुळातले, पण पाने शेजारी शेजारी ठेवली की घोटाळा राहत नाही. डस्टी मिलरचे पान जाडसर, रुंद कातरलेले, वर पांढऱ्या लवेचा दाट थर. बोटाने घासले की खालचा हिरवा रंग उघडा पडतो. सावलीत वाढलेल्या रोपावर ही लव विरळ असते आणि पान हिरवट दिसते, तेव्हा एकट्या रंगाच्या भरवशावर राहू नये. दवण्याचे पान याहून कितीतरी बारीक चिरलेले असते आणि त्याचा रंग रुपेरी नव्हे, करडट हिरवा. वास गोडसर, पिकल्या फळाकडे झुकणारा, पान वाळले तरी टिकणारा. त्याच्या तेलातल्या एका मुख्य घटकाला डॅव्हॅनोन म्हणतात, ते नावही दवण्यावरूनच पडले.

शब्दाचे म्हणाल तर संस्कृत ‘दमनक’चा दवणा झाला. ग्रामचे गाव, नामचे नाव, तसाच इथेही ‘म’चा ‘व’.

प्रतिसाद
ढोरदवणा खरोखरच दवण्याच्या नात्यातला, म्हणजे आर्टेमिसिया याच प्रजातीतला आहे. पण उंच आणि राठ वाढतो. पान वरून हिरवे, उलटवले की पांढुरके लोकरी. वास कडवट, थोडा कापरासारखा. दवण्याचा गोडवा त्यात नाही. ‘ढोर’ हे उपपद इथे जाडाभरडा, दुय्यम अशा अर्थाने आले आहे. रानतुळशीतले ‘रान’ साधारण हेच काम करते.

प्रतिसाद
मरव्याचीही गल्लत होते, तेवढे सांगून ठेवतो. मरवा पुदिन्याच्या कुळातला. खोड चौकोनी, पाने समोरासमोर, लहान, लंबगोल आणि अखंड. दवण्याचे पान चिरलेले आणि एकाआड एक. इथे वासापर्यंत जायची गरजच पडत नाही.

प्रतिसाद
नागदवणा मात्र वेगळा काढायला हवा. दमनक आणि नागदमनी या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘दम्’ धातू असला, तरी नागदवणा म्हणजे ‘नागाचा दवणा’ नव्हे. नागदमनी म्हणजे नागाला दमवणारी, आणि मराठीतले रूप तिच्यावरून आले. मराठीत हे नाव लिलीसारख्या एका कंदवर्गीय झाडाला लावतात : लांब, रुंद, गर्द हिरव्या पट्ट्यांसारखी पाने आणि पांढरी फुले. दवण्याचा वास त्याला औषधालाही नाही. पण हेच नाव काही जण ढोरदवण्यालाही देतात, त्यामुळे नुसते ‘नागदवणा’ लिहिले की वाचणाऱ्याला झाड कळत नाही. पानाचे वर्णन सोबत द्यावेच.

प्रश्नकर्ता
आणि हिंदीत ज्याला नागदोन म्हणतात ते? पांढऱ्या-गुलाबी कडांची पाने, नागमोडी खोड.

प्रतिसाद
तो आपला विलायती शेर. दवण्याशी त्याचे काही नाते नाही. तो एरंडाच्या कुळातला. तिथे वासाची परीक्षा करूच नका. पान तुटले की पांढरा चीक येतो, त्याने कातडीची आग होते आणि डोळ्यात गेला तर इजा होते. अनोळखी झाडाचे पान आधी टोकाशी किंचित तोडून बघा. चीक दिसला तर ते चुरगळायचे नाही, नाकाशी न्यायचे नाही आणि हात लगेच धुवायचे.