न्यू जर्सी की डॅलस? जुलैत एल-१ व्हिसावर (कंपनीच्या बदलीचा) येतोय, निवड कंपनीने आमच्यावर सोडली आहे

डेक्कनकर

मंडळी, हिंजवडीतून अमेरिकेत बदली मंजूर झाली आहे. जागा दोन ठिकाणी आहेत: जर्सी सिटी किंवा डॅलसच्या उत्तरेला प्लेनो. हुद्दा तोच, पगार दोन्हीकडे तोच, सव्वा लाख डॉलर. शुक्रवारपर्यंत एचआरला कळवायचंय.

घरात मी, बायको (टेस्टिंगमध्ये आहे, तिकडे नोकरी करायचीच आहे), १४ सप्टेंबरला पाच वर्षांची होणारी मुलगी आणि आई. आई ६८ वर्षांची, पाच-सहा महिने येऊन राहील, मग परत कोथरूड. मला गाडी येते. बायकोचं लायसन्स आहे, पण पाकिटात. कर्वे रोडवर तिने स्कूटरच्या पलीकडे काही चालवलेलं नाही.

मित्र म्हणतात, डोळे झाकून टेक्सास घे, स्टेट टॅक्स नाही. मामेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला आहे, तो म्हणतो भट्टीत राहायचंय का? दोघंही आपापल्या गावाचं कौतुक करणार. दोन्हीकडे दिवस काढलेल्या कुणी सांगाल का?

लोनस्टार_लिंबू

डॅलस. यात विचार काय करायचा? तिकडच्या भाड्यात इकडे एक खोली जास्तीची येते, शिवाय पोहण्याचा तलाव. मराठी माणसं नाहीत असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना) अधिवेशन इथेच झालं. प्लेनोशेजारच्या फ्रिस्को गावात हनुमानाचं देऊळ आहे. विमानतळावरून एमिरेट्स आणि कतार दोन्ही सुटतात, दुबई नाहीतर दोहाला एकदा उतरलं की मुंबई. उन्हाळ्याला एसी असतो राव, आपण नागपूरला काय करतो?

दोन्हीकडची_सून

लिंबूभाऊंचं सगळं खरं आहे, पण ते बहुतेक घरातले ड्रायव्हर असावेत. :) मी चार वर्षं आयसेलिनला (एडिसनच्या शेजारी) काढली, २०१८ पासून प्लेनोत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी टॅक्स, कारण सगळे तिथेच अडकतात. न्यू जर्सीचा कर टप्प्याटप्प्याने चढतो. नवरा-बायको मिळून सव्वा लाखावर वर्षाचे साधारण चार हजार डॉलर जातात, म्हणजे महिना साडेतीनशेच्या आत-बाहेर. प्लेनोत दोघं नोकरी करणार तर दुसरी गाडी लागणार. तिचा हप्ता, पेट्रोल आणि इन्शुरन्स धरा. इथल्या गाडी चालवण्याचा इतिहास नाही म्हणून नवख्याला इन्शुरन्स चांगलाच महाग पडतो. साडेतीनशे तिथेच संपले. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचं पेन्शन आणि आरोग्यविमा) ७.६५ टक्के मात्र दोन्ही राज्यांत कापले जाणार, ते आधीच गृहीत धरा. आणि ऑफिस जर्सी सिटीतच राहील ना, हे विचारून घ्या. मॅनहॅटनला बसवलं तर न्यूयॉर्कचा कर भरून जर्सीत त्याचं क्रेडिट घ्यायचं, अशी कसरत सुरू होते.

आता तुमच्या घरात गाडी न चालवणाऱ्या तीन बायका आहेत, एक छोटी धरून. माझ्या सासूबाई दोन्हीकडे येऊन राहिल्यात. आयसेलिनला आमचं अपार्टमेंट जुनं, विटांचं, कपडे धुवायला तळघरातल्या मशीनसाठी क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) साठवून न्यायचे. पण ओक ट्री रोड, म्हणजे आपल्या देशी दुकानांचा रस्ता, चालत बारा मिनिटांवर. दुसऱ्या आठवड्यापासून त्या एकट्या जायला लागल्या. येताना पिशवीत कोथिंबीर, आणि गुजराती दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करून एक जुडी फुकट आणल्याचा आनंद. प्लेनोत घर तिप्पट मोठं, स्वयंपाकघर बघून खूश झाल्या. मग? फुटपाथ आहे, पण जायचं कुठे? पुढे सहा पदरी रस्ता. सकाळी सातच्या आत सोसायटीला प्रदक्षिणा घालायच्या आणि दिवसभर आमची वाट बघायची. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "अगं, मी इथे पार्सलसारखी आहे. तुम्ही उचलून नेलंत तर जाते." डार्टची (डॅलसची सार्वजनिक वाहतूक) ट्रेन आहे, पण स्वस्त आणि नवं म्हणून फ्रिस्कोला घर बघाल तर ते गाव डार्टमध्येच नाही.

मुलीची तारीख वाचून थांबले. टेक्सासमध्ये सरकारी शाळेच्या किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीचा वर्ग) १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात. तुमची लेक दोन आठवड्यांनी चुकते! म्हणजे अख्खं वर्ष पैसे भरून प्रीस्कूल, महिना हजाराच्या वर. न्यू जर्सीत बऱ्याच गावांत १ ऑक्टोबर धरतात. गावागणिक फरक असतो, त्या-त्या स्कूल डिस्ट्रिक्टला आधी ईमेल टाका आणि मगच लीजवर सही करा.

हवेचं म्हणाल तर दोन्हीकडे रडगाणं आहे. जर्सीत डिसेंबरात साडेचारला अंधार, पहिल्या वर्षी मी दुपारी उगाच रडायचे. इकडे एप्रिलात गारा. लिंबाएवढ्या. आमच्या गाडीचं टप अजून अप्पेपात्रासारखं दिसतं. फेब्रुवारी २०२१ ला तापमान उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरलं आणि वीज गेली. टेक्सासचं बरंचसं वीजजाळं बाकीच्या देशापासून वेगळं आहे, बाहेरून फारशी वीज आणता येत नाही. दोन रात्री आम्ही चौघं एका खोलीत, गॅसची शेगडी काडीने पेटवून पिठलं-भात. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

तरी मी प्लेनोत का आहे? घर घ्यायचं होतं, मुलं मोठी झाली आणि मी गाडी शिकले. तुम्ही त्या टप्प्यावर आल्यावर या, पाव-भाजी माझ्याकडे.

लोनस्टार_लिंबू

पार्सलवाली गोष्ट ऐकून माझ्या आईची आठवण झाली. माघार. (गारांचं बोलू नका, मागच्या वर्षी छप्पर बदललंय.)

डेक्कनकर

ताई, किंडरगार्टनचं इथे ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं! बायकोने रात्री दोनदा वाचून दाखवलं. आईला काही सांगितलं नव्हतं, फक्त विचारलं की तिकडे काय हवं. म्हणाली, "रोज सकाळी दूध आणायला कुठेतरी जाता आलं पाहिजे." दूध तिकडे गॅलनमध्ये मिळतं हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

आज न्यू जर्सी कळवलं. आता प्रश्न: सोशल सिक्युरिटी नंबर नाही, क्रेडिट हिस्टरी नाही, तर घर कोण देणार? आणि आयसेलिनहून ऑफिसला किती वेळ?

मेट्रोपार्क_७वाजून१२

रोज जातो म्हणून सांगतो. आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्टेशनहून एनजे ट्रान्झिटची ट्रेन, नेवार्क पेन स्टेशनला उतरून पाथ ही दुसरी ट्रेन, जर्सी सिटीत एक्स्चेंज प्लेसला बाहेर. घर ते खुर्ची सव्वा तास धरा. स्टेशनला चालत जाता येईल असंच घर बघा, पार्किंगच्या भानगडीत पडू नका.

घरासाठी कंपनीचं पगाराचं पत्र आणि ऑफर लेटर दाखवा, ओक ट्री रोडच्या आसपासच्या ऑफिसांना आपल्यासारख्यांची सवय आहे. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा इथला कायदाच आहे. मागितलंच तर हे नम्रपणे सांगा. विमानतळावरून बाहेर पडल्यावर बायकोच्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेशाची ऑनलाइन नोंद) एल-२एस, म्हणजे एल-१वाल्याच्या जोडीदाराचा कोड, आलाय का ते लगेच तपासा. त्यावर ती वेगळं परमिट न काढता नोकरी करू शकते. माझ्या बायकोचं चुकीचं आलं होतं, दुरुस्तीत सहा आठवडे गेले.

आणि कुकर आणू नका, इथे मिळतो. झाकणाची रबरी रिंग मात्र तुमच्या जुन्या कुकरच्या मापाची दोन जास्तीच्या आणा... अरे, कुकरच आणणार नसाल तर कशाला. पोळपाट आणा.