विषय: कोल्हापुरात पिकलबॉल, आणि कच्चं लिंबू कुणी व्हायचं

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं मार्चपर्यंत मी कोल्हापुरातच आहे. सिएटलला शनिवारी तुमच्यासोबत पॅडल नि भोकांच्या चेंडूनं पिकलबॉल खेळायची सवय लागलेली, हात शिवशिवायला लागले. म्हणून ताराबाई पार्कातला एक बॅडमिंटन हॉल दर रविवारी सकाळी ७ ते ९ भाड्यानं घेतलाय. कोर्ट दोन. आखणीचं निम्मं काम आयतंच झालेलं, कारण बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट आणि आपलं कोर्ट एकाच मापाचं, २० बाय ४४ फूट. नेट खाली ओढायचं, मध्ये ३४ इंच, कडेला ३६. किचनची, म्हणजे नेटजवळच्या पट्ट्याची, रेघ मात्र नेटपासून ७ फुटांवर, म्हणजे बॅडमिंटनच्या पुढच्या रेघेच्या ६ इंच मागं पडते. तिथं चिकटपट्टी लावली तर हॉलवाले म्हणाले, "रंग निघाला तर तुम्हीच मारायचा." खडूवर भागवतोय.

खरा घोळ माणसांचा. पहिल्या रविवारी १४ जण आले. कॉलेजात बॅडमिंटन खेळलेली दोन पोरं, टेबल टेनिसवाले तीन-चार, दोन रिटायर्ड मास्तर, आणि जन्मात रॅकेट न धरलेली माझी आतेबहीण. तिला किचनचा नियम सांगितला, की त्या पट्ट्यात उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. म्हणाली, "घरी किचनमधनं बाहेर सोडत नाहीत, इथं आत येऊ देत नाहीत." मी 'जिंकेल तो थांबेल' म्हणून बसलो. बॅडमिंटनवाली पोरं पाऊण तास हलली नाहीत. मास्तर बाकावर बसून बसून चहाला गेले ते परत आलेच नाहीत. चूक माझीच. तिथं वहिनी कसं जमवतात ते मी कधी लक्ष देऊन बघितलंच नव्हतं.

– कोल्हापूरकर

—

भाऊजी,

जिंकेल तो थांबेल हे आधी बंद करा. ओपन सेशनला ते विष आहे. भिंतीला टेकवून पॅडल, म्हणजे खेळायच्या बॅटी, ओळीनं लावायची. कोर्ट रिकामं झालं की चौघं बाहेर, ओळीतली पहिली चार पॅडल आत, उतरलेल्यांची पॅडल शेपटाला. हिशेब करून बघा: दोन कोर्टांवर एका वेळी आठ जण, माणसं १४, वेळ १२० मिनिटं. प्रत्येकाला साधारण ६८ मिनिटं खेळायला मिळतात. गर्दी असली की गेम ११ ऐवजी ९ गुणांवर थांबवा. खेळायचा एकूण वेळ तेवढाच राहतो, पण बाकावरची एकेक बैठक लहान होते, आणि मास्तर पळतात ते त्या लांब बैठकीमुळेच.

लेव्हलचं म्हणाल तर पहिला तास सगळे मिसळून. दुसऱ्या तासाला एक कोर्ट पक्क्यांचं, एक बाकीच्यांचं. ज्याची त्यानं आपली लेव्हल लिहायची.

– वहिनी

—

वहिनी, लेव्हल कसली लिहायला लावता? सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर १९६५ साली हा खेळ निघाला तो सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी. शटल सापडेना म्हणून भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि टेबल टेनिसच्या बॅटी. त्यात पक्के-कच्चे कुठून आले? आणि शिवाजी पेठेतला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला लिंबू-टिंबू लिहील, असं तुम्हाला खरंच वाटतं?

– काका

—

काका, अगदी बरोबर. कुणीच लिहिलं नाही. १६ जण आले आणि १६ च्या १६ पक्के!

पॅडलची ओळ मात्र झकास चालली. लेव्हलचा तिढा सोडवला तो मंगळवार पेठेतल्या तालमीत उमेदीची वर्षं घालवलेल्या एका साठीच्या गड्यानं. म्हणाला, "खासबागच्या कुस्ती मैदानात जोड कोण लावतं? पैलवान लावतो व्हय? वस्तादाचं काम आहे ते." आणि बाकावर बसून स्वतःच वस्ताद झाला. प्रत्येकाचे पाच मिनिटं हात बघितले आणि बोटानं दाखवलं, तू इकडं, तू तिकडं. कुणी चकार शब्द काढला नाही. मी सांगितलं असतं तर भांडण होतं.

पहिल्या तासाला त्या दोन पोरांना त्यानं दम दिला: स्मॅश मारायचा नाही, नुसता किचनमध्ये अलगद टाकायचा. तालमीत मोठा पैलवान पोरासोराशी खेळतो तो पाडायला नव्हे, डाव द्यायला. पोरं आधी फुरंगटली, पण त्या अलगद टाकण्यात त्यांचेच चेंडू नेटला अडकायला लागले तशी गप्प झाली. हा फटका त्यांनाही येत नव्हता! आतेबहीण तिथंच दोन गेम जिंकली. स्कोअर 'शून्य-शून्य-दोन'नं का सुरू होतो (तिसरा आकडा जोडीतला कितवा गडी सर्व्ह करतोय त्याचा), ते तिला अजून पटलेलं नाही. मास्तरही परत आलेत.

आता काम. जानेवारीत तुमच्यापैकी जे येताय त्यांनी डझनभर चेंडू आणा, २६ भोकांचे. ४० वाले नकोत, ते बाहेरच्या कोर्टाचे, हॉलमध्ये फार पळतात. आणि काका, तुम्ही आलात तर वस्ताद बोट दाखवतील तिथं उभं राहायचं.

– कोल्हापूरकर