उत्तर: ‘स्वीट अँड लोडाउन’मधली गिटार नक्की कोणाची?

सिनेमात अभिनेता शॉन पेन स्वतः गिटार वाजवतो का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. कानावर येते ती जॅझ गिटारवादक हॉवर्ड ऑल्डनची गिटार. त्यानेच पेनला शिकवलंही, म्हणून १९९९च्या या सिनेमात बोटं बऱ्यापैकी जागेवर पडतात. पेनने रंगवलेला एमेट रे हा वादक मात्र काल्पनिक. सिनेमात मधेमधे येणारे जाणकार ‘माहितीपटा’च्या थाटात बोलतात, त्यामुळे अनेकजण फसतात.

खोटेपणा पकडायचा तर उजवा हात बघा. एमेट ज्याला देव मानतो त्या जँगो राइनहार्ट या खऱ्या जॅझ गिटारवादकाच्या शैलीत पिक (तार छेडायची पट्टी) खाली मारल्यावर पुढच्या तारेवर टेकतं आणि तार बदलताना पुन्हा खालीच येतं. अभिनेते सहसा वरखाली सरसकट घासतात. साथीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हाताचा दाब सोडून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तोडतात, त्याचा ‘छक’ ऐका.

जँगोची डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८च्या आगीत निकामी झाली. तो सोलो दोन बोटांवर वाजवायचा. एमेटला चारही धड आहेत, तरी जँगो दिसला की साहेब बेशुद्ध! माझ्या मते सिनेमातला खरा विनोद तिथेच आहे, एमेटच्या उंदीर मारण्याच्या छंदात नाही. आणि सामंथा मॉर्टनने केलेली एमेटची मुकी प्रेयसी हॅटी एक शब्दही न बोलता पेनला खाऊन टाकते.